आमचं पाळणाघर आणि सीएसआरचे पाहुणे

समाजसेवा करणाऱ्या माणसाला राग येत नाही, अशी लोकांची एक गोड समजूत आहे. या एकदा आमच्याकडे! आमच्यासारख्या छोट्या संस्था चालवणाऱ्या तीन-चार बाया चाकणला चहाला भेटलो, की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो. हसतो, मग चिडतो, मग परत हसतो. घरी जाताना बघावं तर पाच-सहा नवे किस्से गोळा झालेले असतात. आता मी माझे सांगते. मध्येच आवाज चढला तर चालवून घ्या.

आमचं काम काय, तर पाळणाघर. चाकणजवळ महाळुंग्यात कंपन्यांच्या पाठीमागे पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. परभणी, बीड, लातूरकडची जोडपी तिथं राहतात. नवरा-बायको दोघंही कंत्राटी कामावर. सासू गावाकडं, आई गावाकडं. लेकरू सांभाळायला इथं कोणी नाही. मग लेकराला खोलीत ठेवायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि शिफ्टला जायचं.

मी आणि माझी जोडीदार रेखा तिथं सर्व्हे करत फिरत होतो, तेव्हा परभणीची मीरा भेटली. दोन वर्षांच्या गौरीला आत ठेवून कुलूप लावत होती. मी लगेच लेक्चर सुरू केलं. "अहो, कुलूप काय लावता? आग लागली, काही झालं तर?"

मीरानं चावी पिशवीत टाकली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "उघडं ठिवून जाऊ का मंग? म्होरं ट्रेलर पळायलेत. तुमी बसता का माझ्या लेकरापाशी?"

बसले! तेव्हापासून बसलेय.

*

पाळणाघराला खोली मिळेना. चाळमालकांची एकच अट, पोरांचा दंगा नको. गावातले जुने शेतकरी अण्णा, त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. अण्णा ओट्यावर बसून म्हणाले, "ताई, आवं कुलपात पोरं गप ऱ्हात्यात. तुमी समदी एका जागी आणली तर कालवा करत्याल. भाडेकरू पळून जातील माझे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत आतून त्यांच्या बायकोचा, आक्कांचा आवाज आला.

"गप ऱ्हात्यात? रडून रडून झोपत्यात! तुमी दिसभर चावडीवर असता, तुमाला काय ऐकू येतंय? मला येतंया. रोज येतंया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांच्या चाव्या आणि वर एक सतरंजी घेऊन अण्णा स्वतः आले.

*

पाळणाघर पहाटे साडेपाचला उघडतं, कारण पहिली शिफ्ट सहाला लागते. यात न समजण्यासारखं काय आहे? तरी एकदा एक सल्लागार आले. लॅपटॉप, पाण्याची स्वतःची बाटली, सगळं घेऊन. दोन तास बसले आणि म्हणाले, "ताई, साडेपाच हे टायमिंग प्रॅक्टिकल नाही. स्टाफ थकून जाईल. दहा ते पाच करा."

"पण बाया सहाला कामावर लागतात."

"मग त्यांनी जनरल शिफ्ट मागून घ्यावी ना!"

मागून घ्यावी! जसा काही कंत्राटदार हातात मेन्यूकार्ड घेऊन गेटवर उभा आहे! रेखा तशी शांत बाई. ती म्हणाली, "सर, उद्या पहाटे साडेपाचला या. सगळ्या बाया गेटवर एकत्रच भेटतात. तुम्हीच सांगून टाका त्यांना."

सर काही आले नाहीत. त्यांचा रिपोर्ट मात्र आला. त्यात आमच्या अडचणींमध्ये पहिलीच ओळ होती, 'लाभार्थी महिलांच्या वेळेच्या सवयी अनियमित आहेत.'

*

अनियमित म्हणे. असो.

एक फॉर्म असतो. मदत हवी असेल तर तो भरावा लागतो. त्यात एक रकाना होता, 'मूल काय शिकले?' आमच्याकडं मुलं सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची. एक तर त्या आठवड्यात नुसतं पालथं पडायला लागलं होतं. आता लिहा, काय शिकलं ते!

मी डोकं धरून बसले होते. रेखानं फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं, 'मूल सुखरूप. आई कामावर.'

आठ दिवसांनी फोन आला. पलीकडचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. "मॅडम, तुम्ही लिहिलंय ते छान आहे, पण 'मूल सुखरूप' हा पर्याय आमच्या यादीत नाहीये."

*

आता सीएसआर. कंपन्यांना नफ्यातला थोडा हिस्सा समाजासाठी खर्च करावा लागतो, तो हा. आमचं पाळणाघर अशाच एका कंपनीच्या मदतीवर चालतं. त्या कंपनीच्या सीएसआरच्या मॅडम तरुण आहेत, धडपड्या आहेत. बाई वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. वर्षातून एकदा त्या ऑफिसमधल्या लोकांना घेऊन येतात आणि ते लोक आमची भिंत रंगवतात.

एकच भिंत आहे हो आमच्याकडं रंगवण्यासारखी! पहिल्या वर्षी जिराफ काढला. दुसऱ्या वर्षी जिराफावर पांढरा हात मारून मासे काढले. तिसऱ्या वर्षी मी मॅडमना हात जोडून सांगितलं, "यंदा भिंत राहू दे. पाण्याची टाकी द्या. संडासात बादलीनं पाणी नेऊन नेऊन रेखाची पाठ गेली."

मॅडमना खरंच वाईट वाटलं. म्हणाल्या, "ताई, मला कळतंय. पण टाकी गच्चीवर जाणार. फोटोत येत नाही ना ती!"

तर तिसऱ्या वर्षी माशांच्या जागी फुलपाखरं आली. मंडळी शनिवारी अकराला पोचली. पोरं पहाटे पाचला उठलेली असतात, अकराला सगळी गाढ झोपलेली. एक साहेब दारातच थबकले. "सगळे झोपलेत? मग आम्ही इंटरॅक्ट कुणाशी करायचं?"

उठवलं हो पोरांना! एकेकाला उठवून डोक्यावर कागदी टोप्या घातल्या, पुढं केक ठेवला. एकानं भोकाड पसरलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. गौरीनं तर फोटोवाल्याच्या बुटावर ओकून ठेवलं. जाताना तेच साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "काम चांगलंय तुमचं. मुलं जरा निगेटिव्ह वाटतात."

*

मग पुरस्कार. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता, तळागाळात काम करणाऱ्यांचा सत्कार. सोबत एक लाभार्थी आणा, असा निरोप होता. मीरा नाही नाही म्हणत होती, मीच तिला गळ घातली. बिचारी ठेवणीतली साडी नेसून आली.

स्टेजवर माझ्या अंगावर शाल टाकली, हातात दोन माणसांनी उचलावं असं स्मृतिचिन्ह दिलं, आणि वेळ नाही म्हणून मला बोलूच दिलं नाही. मग निवेदिकेनं मीरापुढं माइक धरला. दिवे मंद झाले. मागं बासरी वाजायला लागली.

"मीराताई, आज या व्यासपीठावर उभं राहून तुमच्या आयुष्यात काय बदल झालाय असं वाटतं? अगदी मनापासून सांगा."

मीरानं मनापासून सांगितलं. "आज माझा खाडा झाला."

टाळ्या वाजल्या! काय म्हणाली ते कुणाला कळलंच नाही. आणि खाडा झाला म्हणून कंत्राटदारानं तिला पुढचे तीन दिवस गेटवरून परत पाठवलं. त्या शालीकडं बघितलं की अजून मला स्वतःचा राग येतो.

*

स्वतःचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकते. दुसऱ्यांवर तोंड टाकणं सोपं असतं.

सर्व्हेच्या पहिल्याच दिवशी, मीरा भेटण्याच्याही आधी, चाळीत एका बंद खोलीतून रडणं ऐकू आलं. पत्र्याला फट होती. वाकून बघितलं तर आत एक पोर फटीशी तोंड लावून रडत होतं. मी काय केलं असेल? मोबाइल काढला. प्रस्तावाला फोटो लागतात ना! पहिला हलला म्हणून दुसरा काढला. दुसरा अंधारा आला म्हणून तिसरा.

रेखा मागं उभी होती. म्हणाली, "झाले का काढून? आता हिला पाणी कसं द्यायचं ते बघू या?"

तो फोटो बघूनच कंपनीनं आमचा प्रस्ताव मंजूर केला. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापलासुद्धा. वर्षभरानं ते पत्रक मीराच्या हातात पडलं. तिनं बराच वेळ बघितलं. "ही तर माझी गौरी हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी तुमी तवा तितं उभ्या होत्या?"



*

आणि आता परवाचा किस्सा.

कंपनीची मदत पुढं चालू ठेवायची की नाही, हे वरच्या साहेबांच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. नाही म्हणाले असते तर महिन्याभरात पाळणाघर बंद आणि सगळी पोरं परत कुलपात. चाळीतल्या बाया रोज विचारायच्या, "ताई, काय झालं?" मॅडमही काळजीत होत्या. त्यांनीच तोड काढली. म्हणाल्या, "साहेब लोक कागद वाचत नाहीत. पाच मिनिटांची फिल्म दाखवू."

मॅडम कॅमेरावाल्याला घेऊन आल्या. पाळणाघरात हसणारी, जेवणारी, खेळणारी पोरं, सगळं झकास शूट झालं. मग मॅडम म्हणाल्या, "आफ्टर झालं. आता बिफोर हवं."

"म्हणजे?"

"पूर्वी कसं होतं ते. गौरी खोलीत, बाहेरून कुलूप, ती रडतेय. दोन मिनिटांचा शॉट. त्याशिवाय साहेबांना फरक कळणार नाही, ताई!"

मी भडकले. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कुणासाठी करतेय हे? पाळणाघर वाचायला नको का?"

मीराला त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. ती डबा घेऊन बसची वाट बघत उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, ही आता मॅडमना फाडून खाणार. पण ती शांतपणे म्हणाली, "चला. कुठं उभं ऱ्हायचं ते सांगा."

तिच्याच खोलीत तयारी झाली. कॅमेरावाला बाहेर, कुलूप लावणारा हात टिपायला. आत माइक ठेवला. गौरी आत एकटी बसेना, म्हणून मॅडम स्वतः चॉकलेट घेऊन आत जाऊन बसल्या. "मीराताई, कुलूप खरंच लावा हं, आवाज यायला पाहिजे. आणि मी सांगितल्याशिवाय उघडू नका!"

मीरानं दार ओढायला घेतलं मात्र, गौरी तीरासारखी बाहेर आली आणि आईच्या पायाला विळखा घालून बसली.

"आणा तिला परत! दोनच मिनिटं! खोटं खोटं आहे गं बाळा!" मॅडम आतून.

तेवढ्यात रस्त्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मीरानं गौरीला उचलून कडेवर घेतलं, दार ओढलं, कुलूप लावलं आणि चावी डब्याच्या पिशवीत टाकली.

"अहो मीराताई, मुलगी बाहेरच राहिली!"

मीरानं पत्र्याच्या फटीला तोंड लावलं. अगदी मायेनं म्हणाली, "रडायचं न्हाई हं. शान्यावानी बसायचं. माय येती लगीच."

गौरीला रेखाच्या कडेवर दिलं आणि पळत जाऊन बस पकडली. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करतात. शिफ्ट सुटणार रात्री अकराला.

मॅडम आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, उघडा ना." मी म्हटलं, "चावी बसमध्ये गेली." मग त्यांनी दार वाजवलं. मग पत्रा वाजवला. दुपारची वेळ, पत्रा असा तापलेला की हात लावला तर चटका बसावा. अण्णा धावत आले, कुलूप हलवून बघितलं. "कटर आनाय लागंल, गावातनं घेऊन येतो," म्हणाले आणि गेले.

आतून हाका येत होत्या. आधी माझ्या नावानं, मग कुणाच्याच नावानं नाही. नंतर नुसतं रडणं.

कॅमेरावाल्यानं कानाला हेडफोन लावलेलेच होते. तो हळूच माझ्याजवळ सरकला.

"ताई, आवाज एकदम ओरिजिनल येतोय. घेऊ का?"

मी म्हटलं, "घे!"