एक्स्चेंजवाल्या वत्सलाबाई

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी शेखर याला मी चार वर्षं भला माणूस समजत होते, याचा मला आजही संताप येतो. त्याचा येतो, त्याहून जास्त माझा स्वतःचा.

जेल रोडच्या आमच्या इमारतीत बारा घरं. शेखरने सगळ्यांत मिळून एक वायफाय घेतलं होतं. कुणाकडे नवा फोन आला की पेढ्यांसोबत तो शेखरच्या हातात द्यायचा, अशी पद्धतच पडली होती. तो 'सेटिंग' करून द्यायचा. काय करतो, हे कुणी विचारलं नाही. मी शाळेत शिकवते, मीही नाही. जिन्यात तो गमतीने सांगायचा, अमका नोकरी शोधतोय, तमकी वजन कमी करायचं बघतेय. मी हसायचे, मला ठाऊक असेल तेही त्याला सांगायचे. याला हे कळतं कसं, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

तळमजल्यावरच्या वत्सलाबाई एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. कुणाची बदली, कुणाचं दुखणं, कुणाचं घरातलं भांडण, सगळं त्यांच्या हातून जोडलं गेलं. आम्ही खोदून खोदून विचारायचो. "जोडून दिलं की मी कान काढून घ्यायचे," एवढंच म्हणायच्या. आम्हाला त्या शिष्ट वाटायच्या.

दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. दुसऱ्या मजल्यावरची मनाली आली, गाल सुजलेला. नवरा नवनाथ तिला मारतो हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, आणि सगळी इमारत तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवायची. या वेळी आदल्या दिवशी तिने फोनवर बायकांच्या एका आश्रयगृहाची साइट उघडली होती. त्याच संध्याकाळी नवनाथने नेमकं त्या आश्रयगृहाचं नाव घेऊन मारलं.

"वायफाय बंद ठेवलं होतं, मावशी. माझ्याच सिमचं नेट होतं," मनाली म्हणाली.

"मग फोन कसा नाही काढून घेतला त्याने?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"शेखरभाऊ म्हणाले त्याला, राहू दे तिच्याकडे, काय बघते ते कळतं तरी. मी दाराआडून ऐकलं."

वत्सलाबाईंनी चष्मा लावला आणि तिच्या फोनचं सेटिंग ओळ न् ओळ वाचत गेल्या. 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणून एक जागा होती. तिथे एक पत्ता भरलेला, त्यात शेखरचं नाव आणि मनालीचंही. माझ्या फोनमध्येही तोच, फक्त तिच्या नावाजागी माझं. हे काय असतं, ते आम्ही तिथेच बसून वाचून काढलं.

"म्हणजे ऑपरेटरच की," वत्सलाबाई म्हणाल्या. "आपण साइटचं नाव सांगायचं, याने नंबर शोधून द्यायचा. नेट कुणाचंही असो, फोन विचारणार यालाच. आणि हा मेला बसून यादी वाचतो." त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

असेच नंबर शोधून देणारी, पण नोंद न ठेवणारी एक सेवा आम्ही शोधली. मी लगेच मनालीच्या फोनमध्ये त्या सेवेचा पत्ता टाकायला लागले, तर त्यांनी हात धरला. "हिची एकटीची यादी कोरी पडली तर शेखरला कळेल. सगळ्यांचीच पडू दे. त्याला बिघाड वाटेल."

शेखर कामावरून यायच्या आत आम्ही घरोघर फिरलो. बायका न विचारता फोन पुढे करत होत्या. "अगं, मी काय करणार ते तरी विचार," वत्सलाबाई प्रत्येकीवर डाफरल्या. नवा पत्ता जिचा तिलाच टाइप करायला लावला. आता फोन कुठल्या साइटचा नंबर विचारतो ते बंद पाकिटातून जाईल, वाटेत वायफायवाल्यालाही वाचता येणार नाही, हेही सांगितलं.

शेवटी मनाली. नेट चालू झालं तसा त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी वाकून बघत होते. त्यांनी मला दंडाला धरून भिंतीकडे वळवलं.

चार दिवस शेखर वायफायचा डबा बंद-चालू करत होता. पाचव्या दिवशी मनाली घरात नव्हती. नवनाथ आणि शेखर वत्सलाबाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"मावशी, कुठे गेली ती?" नवनाथने विचारलं.

"मी जोडून दिलं. पुढचं मी ऐकत नसते."

मग शेखर आत बसलेल्या माझ्याकडे वळला. इमारतीतली बातमी त्याला नेहमी माझ्याकडून मिळायची.

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. चार वर्षांत त्याला असं मी पहिल्यांदाच म्हणत होते, आणि ते खरं होतं.