सर्दी लपवून उडाले, आणि आज कान गेला

मैत्रिणींनो, आज सकाळी मी कुशीवर झोपलेली असताना आईनं माझ्या डाव्या कानात लसणाचं कोमट तेल टाकलं. मी किंचाळत उठले.

चूक तिची नाही. आमच्या चांदूर बाजार गावात कान दुखला की हेच करतात. कान ठणकतोय एवढंच मी तिला म्हटलं होतं; पडदा फाटलाय, हे सांगितलंच नव्हतं.

मी विमानात केबिन क्रू आहे. सर्दीत कानावर दाब येतो म्हणून उडायला मनाई असते, तरी गेल्या आठवड्यात सर्दी लपवून ड्युटी केली. विमान उतरताना कानात फट्‌कन आवाज झाला. मी लिपस्टिक नीट केली आणि दारात उभी राहून प्रवाशांना हसून निरोप दिला. उतरलो त्या शहरातल्या डॉक्टरनं पडदा फाटल्याचं सांगितलं, तरी उड्डाणासाठी ‘अनफिट’चा शेरा नको म्हणून ते कंपनीपासून लपवलं. घरी लग्न आहे असं खोटं सांगून सुटी घेतली.

दुपारी अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "कान आधीच पिकला होता, तेलानं आणखी बिघडला. पहिल्यासारखं ऐकू येणं कठीण आहे."

आईला रडू फुटलं. "मले काहून नाई सांगतलं वं? मी तं साऱ्या गावाले सांगून राहिली, माझी पोरगी थंड हवेत आरामात नोकरी करते म्हणून!"

तुमच्यापैकी कितीजणी घरी खरं सांगतात?

परत येताना एसटीत आई माझ्या डावीकडे बसली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. मी नोकरीत शिकवलेलं तेच हसू हसून मान हलवत राहिले.