शिळं चित्र

मिलिंद पाटणकर गाडी मागे घेण्याआधी खाली उतरायचा. गाडीभोवती एक चक्कर मारायचा, मागे वाकून बघायचा, मगच आत बसायचा. मागचं दाखवणारा पडदा समोर होता, तरीही. जर्मनीत, एश्बॉर्नच्या आमच्या इमारतीत सगळे हसायचे. "घातली प्रदक्षिणा," माझा मुलगा म्हणायचा. मीही हसायचे.

मिलिंद आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. पन्नाशीचा, मूळचा चिंचवडचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्याचं काम त्यानंच मला आमच्या स्वयंपाकघरात बसून समजावलं. गाडीचा कॅमेरा चित्र टिपतो आणि ते पडद्यावर आणून टाकायला एक प्रोग्रॅम असतो, डिस्प्ले ड्रायव्हर. तो त्याच्याकडे होता. त्याचा वेग वाढवायचा, चुका काढायच्या.

"काकू, कॅमेरा रांधतो, पडदा म्हणजे ताट. मी आपला वाढपी."

"मग बिघडलंय काय?"

"कधीमधी ताटात शिळं पडतं. आधीचंच चित्र तसंच राहतं. चालवणाऱ्याला वाटतं, मागे कोणी नाही."

कंपनीत ते कोणाच्या नजरेस पडेना. त्याच्या गाडीतही तोच प्रोग्रॅम होता. एका शनिवारी त्यानं मला गाडीत बसवलं आणि माझी लाल बादली मागे ठेवत-उचलत राहिला. माझे पाय सुजले. "अरे, जेवायचं आहे की नाही?" मी ओरडले. तेवढ्यात दिसलं. आरशात बादली होती, पडद्यावर नुसती फरशी. श्वासभर तसंच, मग बादली आली.

"दिसलं, काकू?"

"दिसलं."

तो तिथेच खाली बसला. "सुषमा म्हणते, मला भास होतात." सुषमा त्याची बायको.

चूक त्यानं दुरुस्त केली. पण आता प्रोग्रॅम प्रत्येक चित्र ताजं आहे का ते तपासून मगच पुढे पाठवी, त्यामुळे पडदा जरा उशिरा उजळू लागला.

"साहेब काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, या, गेनाऊ, म्हणजे हो, बरोबर, चूक खरीच आहे. पण उशीर गिऱ्हाइकाला रोज दिसतो. शिळं कोणाला दिसतंय?"

"मग?"

"मी म्हटलं, उशिरा वाढा, पण शिळं वाढू नका."

जर्मनमध्ये हे तो कसं म्हणाला, देव जाणे. हिवाळाभर भांडला. शेवटी त्याची दुरुस्ती काढून टाकली. पडदा झटकन उजळू लागला, बाकीच्यांची पाठ थोपटली गेली, आणि मिलिंदला बर्लिनला पाठवायचं ठरलं. तिथे पडद्यावरच्या बटणांचे रंग बघायचे.

"सोड ती नोकरी," मी म्हटलं.

"सोडून काय होणार? गाड्या रस्त्यावर आल्यासुद्धा."

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. सुषमा म्हणायची, सुट्टीच्या दिवशी उठतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. तिला धीर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. खोटं मी बोलत नाही.

ते दोघं निघाले त्या सकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होते. खोकी भरून झाली, सुषमा आधीच आत बसली होती. "येतो, काकू," म्हणाला आणि गाडीत बसला. पुन्हा उतरला नाही. मान वळवली नाही. पडद्याकडे बघत गाडी मागे घेतली. मागे मी होते, हातात तीच लाल बादली. मीच बाजूला झाले, पाणी पायावर सांडलं.

"मिलिंद! मी होते ना मागे!"

त्यानं काच खाली केली.

"पडद्यावर नव्हतात," तो म्हणाला. काच वर केली आणि गेला.