खिडक्यांवरचा शेंदूर

अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी कापसाच्या एका दलालाने जुनं घर विकत घेतलं आणि खिडक्यांवरचा रंग काढायला उमरावजी सुताराला बोलावलं. शेंदूर आणि हरताळ तेलात घोटून केलेला तो रंग थरावर थर चढून फुगला होता.

"जाळून काढ, लवकर होईल," दलाल म्हणाला.

"नाई शेठ. माह्या बापानं जन्मभर असाच जाळला, त्याचा इखारी धूर घेतला. शेवटी पोटातल्या कळांनी गडबडा लोळे. हातात घास धरता येत नव्हता त्याले."

उमरावजीने चुना आणि सज्जीखाराचा लेप लावून वर ओलं पोतं बांधलं. दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधून तो मऊ झालेला रंग खरवडू लागला. सडक्या कातड्यासारखा लिबलिबीत, कुबट चोथा सुटून येत होता. तो सगळा चोथा मडक्यात भरत होता. नंतर पुरायचा होता.

दलालाने मडक्यात डोकावून पाहिलं. "फेकू नको. वाळवून, कुटून कापसाच्या ढिगात आतून मिसळू. वजन वाढेल."

"सरकी काढणाऱ्या बायांच्या नाकातोंडात जाईन थे!"

"त्यांना कोण विचारतं?"

उमरावजीला शिसारी आली. तो अंगणातच थुंकला. काम अर्धवट टाकून त्याने मडकं उचललं आणि गावाबाहेर पडीक जागी खोल खड्डा खणून पुरलं. घरी येऊन राखेने कितीदा हात घासले, तरी भाकरी तोंडाशी नेववेना. पुढे रंगाचं काम सोडून तो जन्मभर बैलगाड्याच घडवत राहिला. दलालाच्या घराची पायरी पुन्हा चढला नाही.