डोक्काची आयाळ

तोरगेरची बायको बोर्गहिल्ड गेल्याला अकरा महिने झाले होते आणि तिच्या डोक्का घोडीच्या आयाळीलाही अकरा महिने कात्री लागली नव्हती. तोरगेरचे गुडघे आता डोंगरउतारावर साथ देईनात. म्हणून उद्या ती ठेंगणी, पिवळट घोडी खालच्या गावातल्या घोडेस्वारीच्या शाळेत जायची होती. पण अशा झिपऱ्या अवतारात? बोर्गहिल्डला ते सहन झालं नसतं.

फ्योर्ड जातीच्या घोड्याची खरी शान आयाळीत. बाजूचे केस फिकट, मधली पट्टी काळी, ती पाठीवरून थेट शेपटापर्यंत गेलेली. बाजूचे केस आखूड करायचे, काळे बोटभर वर ठेवायचे. तोरगेर मदतीला आला की बोर्गहिल्ड म्हणायची, "तुम्ही गवत कापा जा. घोडी माझी मला राहू द्या."

त्याने कात्री उघडली. डोक्काने झटकन मान वर केली. गाजर दिलं, चुचकारलं, दटावलं. मान खाली येईना. मग त्याला आठवलं. कापताना बोर्गहिल्ड चर्चमधलं एक गीत म्हणायची.

तिच्या दफनाच्या दिवसापासून त्याने गाण्यासाठी तोंड उघडलं नव्हतं. शब्दही धड येत नव्हते. तरी त्याने चाल धरली. दुसऱ्या ओळीला डोक्काने डोकं खाली आणून त्याच्या छातीला टेकवलं.

डोळे भरून आले आणि हात चुकला. काळी पट्टीही सपाट कापली गेली. मग बाजूचे केस आणखी खाली घ्यावे लागले.

सकाळी शाळेची सिन्नोवे गाडी घेऊन आली. "अरे देवा! तोरगेरकाका, हिला सैन्यात भरती केलीत की काय?"

"वाढेल ग. तीन महिन्यांत वाढेल."

"तेव्हा मी नीट कापीन."

"तशी मान खाली घेणार नाही ती. गाणं लागतं."

"कुठलं?"

तो घुटमळला. एवढं एकच बोर्गहिल्डचं त्याच्याकडे उरलं होतं. मग घोडीच्या मानेवर हात ठेवून त्याने ते पहिल्यापासून म्हटलं. सिन्नोवेने ओळीमागून ओळ उचलली.

डोक्काला घेऊन गाडी वळणाआड गेली. तोरगेर तबेल्यात फिकट आणि काळे केस झाडत होता. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, आपण अजून गातोच आहोत. त्याने मान वर करून पाहिलं. गव्हाणीवर कोणाचंच डोकं नव्हतं. गीत मात्र त्याने शेवटपर्यंत म्हटलं.