वाशिमातली अमेरिकन फौज

जुनी पुस्तकं आणि किस्से, दोन्ही घरात एकाच वाटेनं येतात. आणायला कोणी सांगितलेलं नसतं. आपण एखादं आणतो, त्याच्या ओढीनं दुसरं येतं, मग कपाट भरतं, मग कपाटाचं डोकं भरतं, मग पलंगाखालची जागा जाते. शेवटी घरातलं माणूस झाडू हातात धरून उभं राहतं आणि म्हणतं, आता बास. पुस्तकांचं ते बास माझ्या घरी केव्हाच होऊन गेलं. किश्श्यांचं अजून व्हायचंय, म्हणून सांगतो.

मी वाशिमला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायचो. आता रिटायर आहे. अमेरिकन सैन्याच्या लढायांवरची जुनी पुस्तकं जमवतो. कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की आता सांगतानाच दम लागतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काहून?"

उत्तर साधं आहे. नोकरीच्या सुरुवातीला भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. संध्याकाळ जाता जात नसे. बसस्टँडच्या मागे कलीमभाईंचं रद्दीचं दुकान होतं, अजूनही आहे. तिथे नागपूरहून आलेल्या एका गठ्ठ्यात व्हिएतनामवरचं जाडजूड पुस्तक सापडलं. नकाशे सुंदर होते म्हणून घेतलं. वाचत गेलो तसं लक्षात आलं, हे लोक हरले आहेत आणि हरल्यावर बसून सगळं लिहून काढलंय. कुठे चुकलो, कोणामुळे चुकलो, कोण खोटं बोललं, सगळं. आमच्याकडे ग्रामपंचायतीला पडलेला माणूस वर्षभर त्या गल्लीतून जात नाही. मला नवल वाटलं. ते अजून ओसरलेलं नाही, एवढंच.

पण हे ऐकायला कोणी थांबत नाही.

*

आमच्या स्वातीला पहिलं स्थळ पाहायला आलं तेव्हाची गोष्ट. पाहुणे हॉलमध्ये बसले. तिन्ही भिंतींना कपाटं, आणि कपाटांत रणगाडे, हेलिकॉप्टर, धूर. मुलाच्या वडलांनी पोहे खाता खाता विचारलं, सर मिलिटरीत होते का? मी म्हटलं, नाही, भूगोल. ते बराच वेळ या दोन गोष्टींचा मेळ घालत बसले. मेळ बसेना, तेव्हा माझ्या बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, मग हे एवढं कायले?

सुमन पोह्यांवर शेव घालत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईलेच इचारा. मी लगन झाल्यापासून इचारून राह्यली."

स्थळ गेलं. मुलीचा बाप तापट दिसतो, असं त्यांचं मत पडल्याचं मध्यस्थाकडून कळलं. मी आयुष्यात वर्गातल्या पोराला खडू फेकून मारलेला नाही.

पुढच्या वेळी सुमननं सगळ्या कपाटांवर चादरी टांगल्या. चांगल्या, फुलाफुलांच्या. स्थळ जमलं, लग्न झालं. पहिल्या दिवाळीला जावई हॉलमध्ये बसले असताना पंख्यानं एक चादर उडाली आणि मागचा रणगाडा दिसला. मी ती सावरायला उठलो. जावई मात्र अगदी शांत होते. म्हणाले, "राहू द्या बाबा. आमच्या घरीपण एक चादर आहे. तिच्यामागं आमच्या बाबांची होमिओपॅथी आहे."

*

कलीमभाईंना इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्याची त्यांना खंतही नाही. त्यांचा हिशोब चित्रावर चालतो. मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप दिसला की नर्सिंगवाल्या मुलींसाठी. सूटबूट दिसला की स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी. वर्दीतला माणूस दिसला की माझ्यासाठी.

एकदा त्यांनी निरोप पाठवला की तुमच्या फौजीचं एक फर्स्टक्लास पुस्तक आलंय. मी तापातून उठलेलो, अंगात त्राण नव्हतं, तरी गेलो. कलीमभाईंनी गल्ल्याखालून फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. दुसरा कोणी नेऊ नये म्हणून कित्येक दिवस ते त्यांनी तिथे लपवून ठेवलं होतं. फडकं सोडलं. वर वर्दीतला एक उंच गोरा माणूस होता. त्याच्या वर्दीची बटणं अर्धी उघडी होती आणि त्याच्या मिठीत एक बाई होती.

कलीमभाई माझ्या तोंडाकडे पाहत होते. "बाकी लोक दिखाते नहीं सर, याच्यात दिलंय, फौजी छुट्टीवर कसा राह्यते."

एवढ्या मायेनं ठेवलेलं पुस्तक परत कसं करणार? घेतलं, घरी आणलं. माझ्या संग्रहातलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घरातल्या दुसऱ्या माणसानं वाचलेलं ते एकमेव पुस्तक. स्वातीनं दोनदा वाचलं.

*

मग मध्येच चांगली पुस्तकं मिळेनाशी झाली. मी पोचायच्या आधीच कोणीतरी नेलेली असायची. कलीमभाई म्हणाले, शिरपूरचा एक जण येते, तोपण तुमच्यासारखाच. मला वाटलं, मस्करी करतायत. अख्ख्या जिल्ह्यात हा विषय लागणारा दुसरा माणूस? माझी अर्धी झोप गेली.

तो निघाला गजानन राऊत. शिरपूर जैनला त्याचा भाजीचा मळा आहे. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, जे बाजारात चालेल ते. तरुणपणी सैन्यभरतीला गेला होता, उंचीत बाद झाला. परतताना बसला वेळ होता म्हणून कलीमभाईंच्या दुकानात बसला, तिथे सैनिकांच्या फोटोंचं एक पुस्तक पाहिलं, आणि पुढचं माझ्यासारखंच. फरक एवढाच की मी नकाशे वाचतो आणि तो माणसं वाचतो. डिक्शनरी घेऊन, हळूहळू. कोणत्या पोराच्या आईचं पत्र आलं होतं, कोणाच्या बुटात पाणी गेलं होतं, हे त्याच्या ध्यानात राहतं.

कोरियाच्या युद्धाचा दोन भागांचा इतिहास एका गठ्ठ्यातून आला होता. पहिला भाग राऊतनं नेला होता, दुसरा मला मिळाला होता. दोघंही कलीमभाईंच्या मागे लागलो, दुसऱ्याकडून मिळवून द्या म्हणून. शेवटी कंटाळून त्यांनी एकमेकांना न सांगता दोघांना एकाच वेळी बोलावलं. समोरासमोर स्टूल मांडले आणि म्हणाले, "बैठो. काय भांडायचं ते भांडून घ्या. मले दोघायचा लय ताप झाला."

भांडलो नाही. भांडण्यासाठी दोघांतल्या एकाला तरी दुसऱ्याचा छंद मूर्खपणाचा वाटायला हवा. पण पुस्तक सोडायलाही कोणी तयार होईना. शेवटी अदलाबदलीवर आलो. पहिला भाग वाशिमला यायचा असला की त्याच दिवशी दुसरा एस्टीनं शिरपूरला पाठवायचा. आजही तसंच चालतं. ते दोन भाग अजून एका छपराखाली राहिलेले नाहीत. वाटेतल्या मालेगावच्या स्टँडवर दोन एस्ट्या शेजारी उभ्या राहिल्या, तर तेवढीच त्यांची भेट.

*

आमच्या छंदात चांगली बातमी बहुधा कोणाच्या तरी तेरवीनंतर येते. अकोल्याला एक म्हातारे वकील वारले. त्यांच्याकडे इराकवरची बरीच पुस्तकं आहेत आणि मुलं घर रिकामं करतायत, असं कळलं. मी आणि राऊत त्याच्या मोटरसायकलवर गेलो. पुस्तकं भाजीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरली, वर पोतं बांधलं आणि परत निघालो. दिवस निवडणुकीचे. मालेगावच्या अलीकडे नाकाबंदी.

पोतं सोडा म्हणाले. सोडलं. हे काय? पुस्तकं. पुस्तकांत काय? हा प्रश्न मी आयुष्यभर चुकवत आलो होतो, पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं. वरून आदेश होता, पुस्तकांच्या पानांत दडवून नोटा नेतात, सगळं झटकून पाहा.

मग भर उन्हात टेबलावर एकेक पुस्तक उघडून झटकायला सुरुवात झाली. तिथला तरुण शिपाई मन लावून काम करणारा होता. एकही पान सोडलं नाही. एकातून वाळलेलं पिंपळपान निघालं. एकातून चष्म्याच्या दुकानाची पावती निघाली. एकातून कोणत्या तरी बाईचा फोटो निघाला, तो राऊतनं वहीत ठेवावा तसा जपून परत आत ठेवला. माझी पाठ दुखायला लागली. राऊत कॅरेटच्या कडेवर बसून राहिला.

शेवटचं पुस्तक मिटून शिपायानं घाम पुसला. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, त्याला वाईट वाटत होतं. म्हणाला, "सर, एवढ्या पुस्तकात एक नोट नाई निघाली. मग घेता कायले?"

राऊत पोतं बांधत होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांगा सर आता."

*

मागच्या एका पावसाळ्यात खालच्या कप्प्याला वाळवी लागली. अफगाणिस्तान तिथे होता. ज्या देशातून निघायला अमेरिकेला वीस वर्षं लागली, तो वाळवीनं एका पावसाळ्यात संपवला.

कप्पा उघडला तेव्हा पुठ्ठे जागेवर होते, आत माती. मी खुर्चीवर जाऊन बसलो. आता पुरे, कलीमभाईंना बोलवावं आणि सगळंच देऊन टाकावं, असं पहिल्यांदा मनात आलं. तसं बोललोही असेन. आमचा मुलगा पुण्याहून किती दिवस हेच सांगत होता.

दुपारी जाग आली तर हॉलमधली कपाटं रिकामी. गच्चीवर गेलो. उघडीप होती. जिथे उन्हाळ्यात कुरड्या वाळतात तिथे सुमननं जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यावर उरलेली सगळी पुस्तकं उघडून ठेवली होती, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक वाटी. सगळी तिनं एकटीनं वर नेली होती. शेजारच्या गच्चीवरून बाई विचारत होत्या, आज काय वाळू घातलं व?

सुमन कंबर धरून उभी होती. म्हणाली, "काही नाई व माय. सरायची लढाई वाळू घातली."

*

आता शेवटचं.

श्रद्धा माझी विद्यार्थिनी. शिरपूरच्या जैन कुटुंबातली, हुशार मुलगी. अमेरिकेत स्थायिक झाली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. नवरा आणि सासरे यांना घेऊन शिरपूरच्या देवळात दर्शनाला येतेय, भेटाल का? मी म्हटलं, घरीच या. ती जरा थांबली. मग म्हणाली, "सर, राग मानू नका. माझे सासरे तरुणपणी व्हिएतनामला होते. ते त्यावर कधीच बोलत नाहीत. तुमचं घर... नको."

इतकी वर्षं पुस्तकांतून ज्यांना पाहत होतो, त्यांतला एक आमच्या जिल्ह्यात येत होता, आणि मी त्याला काहीच विचारायचं नव्हतं. मी बरं म्हटलं. सासऱ्यांना बागकामाची आवड आहे असं ती म्हणाली, म्हणून दर्शनानंतर राऊतच्या मळ्यात भेटायचं ठरलं. राऊतलाही बजावलं, लढाईचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, "नाई काढत. वांगे दाखवतो."

श्रद्धाचा नवरा रस्त्यावर गाडीपाशीच राहिला. म्हातारे उंच होते, पांढरे केस, कानात मशीन. आमच्याशी हात मिळवला, चहा घेतला, मिरचीची रोपं वाकून पाहिली. चेहरा मोकळा होता. मग राऊतनं आतल्या वांग्यांकडे चला म्हणून हात केला. सकाळीच पाणी सोडलेलं होतं, दोन ओळींमधली वाट चिखलाची. राऊत पुढे निघाला. म्हातारे कडेला थांबले. खाली जमिनीकडे पाहत राहिले, बराच वेळ.

मग त्यांनी पाय उचलला आणि राऊतच्या पावलाच्या ठशात ठेवला. दुसरा पुढच्या ठशात. राऊत बुटका, त्याची पावलं जवळजवळ पडतात. एवढा उंच माणूस हात पसरून, तोल सांभाळत, एकही ठसा न चुकवता चालत होता. श्रद्धा माझ्याशेजारी हसून म्हणाली, बूट नवे आहेत त्यांचे.

राऊतनं मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. जमिनीत पुरलेले सुरुंग चुकवायला पुढच्याच्या ठशात पाय ठेवून चालणाऱ्यांची ती पानं आम्ही दोघांनीही वाचलेली होती.

 राऊतनं चाल हळू केली आणि प्रत्येक पाऊल चिखलात नीट दाबून उमटवायला लागला. वांग्यांपाशी पोचल्यावर दोन चांगली वांगी तोडून म्हाताऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली.

परतायला तिथूनच कोरडा बांध होता, दहा पावलांत रस्त्याला लागणारा. राऊतनं बांधाकडे पाहिलं. मग रोपांच्या कडेनं वळसा घालून तो म्हाताऱ्यांच्या पुढे आला, आणि आपल्याच जुन्या ठशांवर एकेक पाय ठेवत चिखलातून परत निघाला.