मेथीच्या डब्यातली शिट्टी

आमच्या व्याह्यांइतका नियमाने चालणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये, असं त्यांच्याबरोबर एकदा रिक्षात बसलेला कोणीही सांगेल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी लिहायला बसलो की लेक म्हणते, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी देत नाही. मिठागरात फावडं धरलेला हात आहे, त्याला पेन काय जड आहे. तर आमचे व्याही. खोपटला राहतात. कारखान्यात फिटर होते, पण ती नुसती नोकरी. खरा माणूस कबड्डीचा पंच. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या मैदानांवर शिट्टी वाजवली आणि मैदानावरून घरी आले तरी सामना संपला असं त्यांना कधी वाटलं नाही. खिशात तीन कार्डं कायम. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे थोडा वेळ बाहेर, लाल म्हणजे घरी जा. एकदा तीनहात नाक्याला रिक्षावाल्याने सिग्नल तोडला. यांनी मागून हात घालून त्याच्या तोंडासमोर हिरवं कार्ड धरलं. त्याला वाटलं दुकानाचं कार्ड आहे. "बघतो नंतर काका," बोलला आणि खिशात टाकून मोकळा झाला. व्याह्यांना घरी येऊन पुठ्ठ्याचं नवीन कार्ड कापावं लागलं.

फोनवर तीस सेकंदांच्या वर बोलायचं नाही, कारण चढाई तीस सेकंदांची. माझी बहीण गेली तेव्हा ती बातमी सांगायला मला तीन फोन करावे लागले. पहिल्यात मी रडलो, दुसऱ्यात नाव सांगितलं, तिसऱ्यात स्मशानाची वेळ. तिथे मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर होते. आमच्या पोरीच्या लग्नात तर कहर. हार घालायच्या वेळी नवऱ्याकडच्या पोरांनी नवऱ्याला खांद्यावर उचलला, आमची पोरगी खाली हार घेऊन टाचा वर करत उभी. मांडव हसतोय. व्याही पुढे झाले, शिट्टी फुंकली आणि बोलले, "दोन्ही पाय जमिनीच्या वर. चालणार नाही. खाली घ्या." नवरा त्यांचा स्वतःचा मुलगा. पोरांनी गपचूप खाली घेतला, पोरीने हार घातला. त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, पोरगी बरोबर घरी पडली. हे मी आजवर व्याह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर चढतील.

पण या माणसाची एक गोष्ट मला कधी पटायची नाही. शिट्टी त्यांची, पण ती त्यांच्याजवळ नसायची. ती असायची विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात, मेथीच्या डब्यात. सामन्याला निघताना हे कपडे करून, बूट हातात घेऊन, ओट्यापाशी उभे राहायचे. विहीणबाई आपलं काम संपवायच्या, हात पुसायच्या, डबा काढायच्या, शिट्टीला लागलेली मेथी फुंकून टाकायच्या आणि दोरी त्यांच्या गळ्यात घालायच्या. मग हे निघायचे. विहीणबाई माहेरी गेलेल्या असल्या तर सामना नाकारायचे. डबा समोर फळीवर, हात पुरतो, पण काढायचे नाहीत. मैदानावर पोरं चिडवायची, "पंचकाका, आज काकूंनी सोडलं वाटतं." मीसुद्धा चारचौघांत बोललोय की बायको शिट्टी देते तेव्हा वाजवणारा पंच मी पहिल्यांदा बघतोय. ते म्हणायचे, "बघून घ्या मग."

आता माझ्या पुतण्याचं. माझ्या धाकट्या भावाचा पोरगा. ठाकुर्लीजवळ आमचं गाव, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकाच्या तिसऱ्या मजल्यावर मी आहे, पण मधलं मैदान आम्ही विकलं नाही. त्या मैदानावरच्या मातीत हा पोरगा खेळला आणि मोठ्या लीगमध्ये गेला. टीव्हीवर दिसायला लागला. मी मंडळाचा अध्यक्ष, त्यामुळे बॅनरवर तो मोठा आणि कोपऱ्यात मी. मग एक दिवस त्याने बायकोला मारलं. एकदाच नव्हे, पण त्या दिवशी असं मारलं की तिच्या डाव्या कानाने ऐकू येईना. ती विठ्ठलवाडीला माहेरी गेली, पोलिसांत तक्रार केली, कोर्टात केस उभी राहिली. संघाने त्याला बाहेर बसवलं. बॅनर आम्ही उतरवला नाही, पावसाने उतरवला.

एक हंगाम गेला. संघाकडून निरोप आला की पुढच्या वर्षी बघू. मी ठरवलं, संघाच्या आधी गावाने त्याला उभा करायचा. आमच्या वार्षिक सामन्यांत त्याला खेळवायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि मैदानात उतरायच्या आधी त्याच्या बायकोने त्याला ओवाळायचं. आमच्याकडे खेळाडू उतरताना घरची बाई ओवाळते, ही जुनी रीत. तिने ताट धरलं की चार गावांना कळेल, मिटलं. मी पत्रिका छापल्या. पत्रिकेवर खाली 'औक्षण' म्हणून तिचं नाव, सौभाग्यवती लावून. मुख्य पंच म्हणून व्याह्यांचं.

व्याह्यांना पत्रिका द्यायला खोपटला गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "हिला विचारलंत?" बोलले.

"विचारायला आता जायचंय. तुम्ही पण चला, तुमचा शब्द लोक मानतात."

"म्हणजे आधी छापलं, आता विचारणार."

मी म्हटलं, व्याही, पोराचं पोट त्या खेळावर आहे. घरातलं घरात, मैदानातलं मैदानात. वर्षभर बसला, शिक्षा भोगली.

"टीव्हीवर दिसला नाही ही शिक्षा असेल तर मी जन्मभर भोगतोय," ते बोलले. विहीणबाई आतून हसल्या. मग व्याही म्हणाले, "खेळात बाद झालेला बाजूला बसतो. तो आपण होऊन उठतो का? त्याच्या बाजूच्या कोणीतरी गुण घेतला तर उठतो. तुमच्या पोराचा गुण कोणी घ्यायचा, ते तुम्ही ठरवलंत. तिला सांगायचं तेवढं राहिलं."

मला राग आला. पण मी राग आला की जास्त हट्टाने काम करतो. दोघे विठ्ठलवाडीला गेलो.

ती दवाखान्यात नावं लिहून घ्यायचं काम करते, दुपारची घरी आली होती. पाणी दिलं. पत्रिका हातात घेतली, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे. ते मला उशिरा कळलं. तिने खालपर्यंत वाचलं.

"काका, हे माझं नाव कोणी घातलं?"

"मी. तुझा मान म्हणून."

"मान," ती बोलली. "कानाला मशीन लावलंय, बघितलंत? गर्दीत गेलं की त्यात नुसता गोंगाट होतो. ढोल-ताशात ताट घेऊन उभी राहू मी?" मग म्हणाली, "त्याला खेळू दे. मी अडवलं नाही, कधीच नाही. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण माझ्या नावावर नाही खेळायचं. मिटलं की नाही ते मी सांगेन, पत्रिका नाही सांगणार."

मी काहीतरी बोलणार होतो. अध्यक्षाला बोलता येतं. तेवढ्यात व्याह्यांनी खिशात हात घातला आणि टेबलावर माझ्यासमोर हिरवं कार्ड ठेवलं. त्या पोरीने कार्डाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि मला वाटतं ती हसली. मी उठलो.

स्टेशनबाहेर चहा घेतला. मी म्हटलं, तुम्ही नाही तर दुसरा पंच मिळेल. "मिळेल," ते बोलले. मग चहा फुंकत, रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका गावात लोकांनी त्यांच्या निर्णयावर आरडाओरड केली, चपला फेकल्या. हे घरी आले. विहीणबाईंनी विचारलं, काय झालं. यांनी त्यांच्या तोंडात मारली. "मैदानात कोणाला हात लावू शकत नव्हतो, म्हणून घरात लावला," बोलले. विहीणबाईंनी त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि हाताशी होता त्या डब्यात टाकली. तो मेथीचा होता. दोन वर्षं दिली नाही. यांनी मागितली नाही. मंडळाची माणसं घरी येऊन बोलवायची, हे म्हणायचे, माझ्याकडे शिट्टी नाही. लोक नवीन शिट्ट्या आणून द्यायचे, हे परत करायचे. "मग एका रविवारी तिने आपण होऊन गळ्यात घातली. का, ते मी विचारलं नाही. तेव्हापासून ती तिची आहे." मग माझ्याकडे वळून बोलले, "तुमचा उठलाय का कधी हात?"

मी पेला उलटा करून चहाचे थेंब सांडले आणि म्हटलं, गाडी आली वाटतं. गाडी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन. "व्याहीबुवा, शिट्टी डब्यात आहे. पत्रिका बदला, मग निघेल." मी छापलेला शब्द आयुष्यात मागे घेतलेला नाही. पण व्याह्यांशिवाय सामने म्हणजे चार गावांत विचारणा. बसलो, दोनशे पत्रिकांवरचं तिचं नाव काळ्या पेनने खोडलं आणि एक पत्रिका खोपटला नेऊन दाखवली. विहीणबाईंनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. "दिसतंय की नाव," बोलल्या. "पुन्हा छापा. आणि ती शाल तुमच्या बायकोला द्या, थंडीची उपयोगी पडेल." पुन्हा छापल्या. बायकोला शाल दिली. तिने विचारलं, कशाबद्दल. मी सांगितलं, असंच. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि घेतली.

सामन्याच्या दिवशी पुतण्या उतरला तो कोरडाच. ओवाळणी नाही, ढोल नाही. लोकांनी टाळ्या वाजवाव्या की नाही ते त्यांनाच कळेना, म्हणून अर्ध्यांनी वाजवल्या. व्याह्यांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्याच चढाईत पोराला पकडला. बाद. जाऊन बाजूला बसला, मान खाली. बराच वेळ तो तिथेच बसून होता, आमची पोरं गुणच घेईनात. शेवटी एका नवख्या पोराने गुण घेतला, म्हणजे पुतण्याने उठायचं. तो उठेना. मैदान थांबलं. इतकी वर्षं मी त्या पोराला बसलेला बघितला होता, पण बसूनच राहिलेला कधी बघितला नव्हता. व्याही चालत गेले, वाकले. मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं. "ऊठ. हा गुण तुझा नाही. दुसऱ्याने मिळवलाय, तो फुकट घालवू नको." पोरगा उठला. हरलो आम्ही, पण खेळला.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे न येता व्याह्यांकडे गेला. "काका, मी विठ्ठलवाडीला जाऊ का?"

"बोलावलंय?"

"नाही."

"मग बोलावेपर्यंत नाही. नाही बोलावलं तर नाहीच." शिट्टी रुमालात गुंडाळून ते घरी गेले. डब्यात ठेवायची होती.

याला आता चार वर्षं झाली. पुतण्या पुन्हा लीगमध्ये खेळतो. केस चालू आहे. विठ्ठलवाडीहून बोलावणं आलेलं नाही आणि तोही गेलेला नाही, तारखेला कोर्टात भेटतात तेवढंच. पोराने खेळावं असं मी आजही म्हणतो. फक्त पहिल्यासारखं मोठ्याने म्हणत नाही.

विहीणबाई गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून व्याह्यांनी एक सामना घेतला नाही. मागच्या महिन्यात मी खोपटला गेलो होतो. टीव्हीवर पुतण्याची चढाई चालू होती आणि व्याही आवाज बंद करून, ओठांतल्या ओठांत तीस मोजत होते. आमच्या लेकीला वाईट वाटलं असेल. ती स्वयंपाकघरातून डबा घेऊन आली, शिट्टी काढली, सासू फुंकायची तशी मेथी फुंकून टाकली आणि दोरी दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "पप्पा, मुंब्र्याची माणसं दोनदा येऊन गेली. घ्या ना."

व्याह्यांनी शिट्टीकडे बघितलं. नियमाचा माणूस, मला वाटलं काहीतरी नियम सांगतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्याकडून नाही गं," बोलले. "तुला मी कधी काही केलेलं नाही."

लेकीने डबा परत फळीवर ठेवला. नवीन मेथी आणली की ती आता दुसऱ्या डब्यात ओतते.